वकीलताईंना विचारा : भाडेवाढ, ताबा आणि कुलूप

गेल्या अंकात भाड्याच्या घराविषयी प्रश्न पाठवा असं लिहिलं, आणि इतकी पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. ज्यांची अडचण आणखी चार घरांत असेल, अशी पत्रं निवडली आहेत. नावं काढून टाकली आहेत. मी पुण्यात, शिवाजीनगरच्या कोर्टात वकिली करते, आणि माझ्याकडचे बहुतेक दावे मालक-भाडेकरूंचेच असतात. कधी मालकाकडून उभी राहते, कधी भाडेकरूकडून. इथली उत्तरं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याला धरून आहेत. गोव्याचा भाडे कायदा वेगळा आहे, १९६८ चा. तेव्हा पणजी-म्हापशाच्या वाचकांनी ही कलमं तिथे लावू नयेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. कसबा पेठेतल्या एका वाड्यात आमच्या दोन खोल्या आहेत. माझे सासरे १९६२ पासून तिथले भाडेकरू होते. भाडं महिना १४० रुपये. जुने मालक गेल्या वर्षी वारले. आता त्यांचा पुतण्या म्हणतो, 'पुढच्या महिन्यापासून चार हजार द्या, नाहीतर दिवाळीपर्यंत खोल्या सोडा.' या महिन्याचं भाडं द्यायला गेले तर त्यानं घेतलंच नाही. आमचे हे म्हणतात, घेत नाही ना, मग देऊच नकोस. काय करू?

उत्तर : ताई, यजमानांना माझ्या वतीनं सांगा, भाडं एक महिनाही थांबवायचं नाही. तुमची केस भक्कम आहे. ती बिघडेल तर एवढ्या एकाच गोष्टीनं.

आधी आकड्याचं बघू. जुन्या भाडेकरूचं भाडं मालकाच्या मनावर ठरत नाही. कलम ११ प्रमाणे त्याला दरवर्षी चार टक्के वाढ मिळते. १४० रुपयांवर चार टक्के म्हणजे पाच रुपये साठ पैसे. महापालिकेनं कर वाढवला तर ती वाढ तो तुमच्याकडून रीतसर मागू शकतो. भाडेकरूंच्या लेखी संमतीनं वाड्यात सुधारणा केल्या, तर त्या खर्चाच्या हिशेबात वेगळी वाढही मिळते. पण १४० वरून एकदम चार हजार कुठल्याच कलमात बसत नाहीत. प्रमाणभूत भाड्याहून, म्हणजे कायद्यानं ठरणाऱ्या भाड्याहून, जास्त मागणं बेकायदेशीर आहे. मूळ रकमेबद्दलच वाद असेल तर प्रमाणभूत भाडं ठरवून द्या, असा अर्ज कोर्टाकडे करता येतो. पुण्यात तो लघुवाद न्यायालयात, म्हणजे आपण ज्याला स्मॉल कॉज कोर्ट म्हणतो तिथे.

दिवाळीपर्यंत सोडा, हे तर निव्वळ तोंडी बोलणं झालं. जो भाडेकरू भाडं देतो किंवा द्यायला तयार आहे, त्याला एरवी घराबाहेर काढता येत नाही, असं कलम १५ म्हणतं. म्हणून तर म्हणते, तुमची तयारी कागदावर दिसली पाहिजे. मालक हातात घेत नसेल तर मनीऑर्डर करा. ती 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आली, तर तो कागद सोन्यासारखा जपा. पुतण्याच्या नावावर अजून मिळकत लागलेली नसेल तर 'अमुक यांचे वारस' म्हणून पाठवा. चेक पाठवला तर पोचपावती घ्या. घेतलेल्या भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, न देणं हा दंडाचा गुन्हा आहे. मी स्वतः नाना पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत वाढले. आमच्याकडे भाड्याच्या पावत्या स्वयंपाकघरात तारेला ओवून ठेवलेल्या असत. आई दर दिवाळीत त्या काढून, वर्षाचं बिंडोळं बांधून ट्रंकेत ठेवायची. आज एखाद्या घरातून तसं बिंडोळं पुढ्यात आलं की निम्मं काम झालं, असं मी समजते.

समजा, पुतण्यानं थकबाकीची नोटीस पाठवलीच, तर ती मिळाल्यापासून ९० दिवस होईपर्यंत त्याला त्या कारणावर दावाच लावता येत नाही. त्या मुदतीत भाडं भरून टाका. नोटिशीतला आकडा चुकीचा असेल तर तुमच्या हिशेबानं जे होतं ते भरा, आणि आकडा का चुकीचा आहे ते लेखी कळवा. नोटीस घ्यायचीच नाही, पोस्टमनला परत पाठवायचं, असा सल्ला वाड्यात कुणी ना कुणी देतोच. तो ऐकू नका. नाकारलेली नोटीसही कायद्यात बजावलेलीच धरली जाऊ शकते. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेलं सगळं भाडं, त्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, आणि निकालापर्यंत दरमहा भरत राहिलात, तर थकबाकीच्या कारणावर घर सोडण्याचा हुकूमनामा होत नाही. मात्र ही सवलत त्या दिवसांत बांधलेली आहे. ९१ व्या दिवशी पैसे घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी फार काही करता येत नाही, आणि ते मला आजही सोसत नाही.

एक गोष्ट मालकाच्या बाजूनंही बोलायला हवी. १४० रुपयांत आज नळाचा वॉशर बदलायला माणूस येत नाही. १९४० च्या पातळीवर गोठवलेली भाडी वाजवी राहिलेली नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९७ मध्ये स्पष्ट म्हटलं, आणि त्यानंतरच जुना १९४७ चा मुंबई भाडे कायदा जाऊन हा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. चार टक्के हा त्यातून निघालेला मध्यममार्ग आहे. मला विचाराल तर तो मालकांना अपुराच आहे. म्हणून पुतण्या आपणहून जिना किंवा छप्पर दुरुस्त करायला निघाला, तर खर्चाच्या वाट्याचं बोलणं तुम्ही सुरू करा. काय ठरलं ते लिहून घ्या. पेठेतल्या कितीतरी वाड्यांत भांडण भाड्याचं नसतंच, मोडक्या जिन्याचं असतं.

प्रश्न : मी सांगलीला विश्रामबागेत राहते. यजमान गेले, वरच्या मजल्यावर मी आणि धाकटी मुलगी. खालच्या दोन खोल्या नऊ वर्षांपूर्वी एका कुटुंबाला साडेतीन हजारांनी दिल्या. ओळखीतले म्हणून करार केला नाही. गेले १४ महिने त्यांनी एक पैसा दिलेला नाही. विचारलं की अंगावर येतात. माझे दीर म्हणतात, खालचं पाणी आणि लाईट तोड, आठ दिवसांत जातील. तोडू का?

उत्तर : नाही ताई, तोडू नका. तुमच्यावर अन्याय होतो आहे हे मला दिसतं. घरात दोघी बायका, त्यात भाड्याचाच आधार. पण पाण्याच्या कॉकला हात लावलात की त्या क्षणी तक्रारदार ते होतील आणि आरोपी तुम्ही. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, सफाई या अत्यावश्यक सोयी मालकानं तोडल्या किंवा अडवल्या, तर भाडेकरू कोर्टातून त्या लगेच सुरू करून घेऊ शकतो, आणि मालकाला कैदेपर्यंतची शिक्षा आहे. कलम २९. दिरांना हे उत्तर वाचायला द्या.

आता काय करायचं. वकिलाकडून थकबाकीची नोटीस द्या. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, दरमहा किती, एकूण ४९ हजार, असा नेमका हिशेब त्यात हवा. नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस थांबा. त्यात त्यांनी भरलं तर तुमचे पैसे आले. नाही भरलं तर सांगलीच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे ताब्याचा आणि थकबाकीचा दावा लावा. तीन वर्षांपेक्षा जुनं भाडं वसूल होत नाही, म्हणून 'बघू, अजून थोडं थांबू' असं करत वेळ घालवू नका.

तुमची दुबळी बाजू म्हणजे करार नसणं. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, असं कलम ५५ सांगतं. न नोंदवल्याबद्दल मालकाला शिक्षेची तरतूद आहेच. त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे : असा करार नसेल तर भाड्याच्या अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. ते उद्या म्हणतील, भाडं हजारच ठरलं होतं. तेव्हा आजच जुनी पासबुकं काढा. त्यांनी बँकेत भरलेले साडेतीन हजार, फोनवरून पाठवलेले पैसे, 'वहिनी, या महिन्याचं उद्या देतो' असा एखादा मेसेज, जे असेल ते सगळं छापून घ्या. यजमानांच्या हातची वही असेल तर तीही. आणि यापुढे त्यांच्याशी पैशाचं बोलणं तोंडी करू नका. अंगावर आले, धमकी दिली, तर त्याची पोलिसांत वेगळी तक्रार करा. घर रिकामं करून देणं हे पोलिसांचं काम नाही, पण तुम्हाला संरक्षण देणं हे आहे.

वकिलाची फी परवडणार नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. संकोच करू नका. तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न : नाशिकला इंदिरानगरमध्ये माझा फ्लॅट आहे. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स नोंदवून दिला होता. मुदत संपून चार महिने झाले, ते जात नाहीत. म्हणतात, 'कोर्टात जा, वीस वर्षं लागतील.' खरंच इतकी लागतात?

उत्तर : तुमच्याबाबतीत नाही. भाडेकरू वेगळा आणि परवानाधारक वेगळा. राहण्यासाठी लेखी परवान्यानं दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही, तर नेहमीच्या कोर्टात जावं लागत नाही. कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तिथली पद्धत संक्षिप्त असते. समोरच्याला आपली बाजू मांडायचीही आधी परवानगी मागावी लागते, तीही समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन. तुमच्या करारात जे लिहिलं आहे तो निर्णायक पुरावा धरला जातो. आणि मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई मागता येते. म्हणजे महिना १५ हजार असेल तर ३० हजार. हे त्यांना नोटिशीत स्पष्ट लिहून कळवा. पुष्कळ माणसं तेवढ्यावरच सामान बांधतात.

मुदत संपल्यानंतर त्यांनी बँकेत टाकलेले पैसे 'भाडं' म्हणून स्वीकारू नका. घ्यायचेच झाले तर 'मुदतबाह्य वापराची भरपाई म्हणून, हक्क राखून' असं लेखी कळवून घ्या.

११ महिन्यांबद्दलही लिहिते, कारण आणखी तिघांनी तेच विचारलं आहे. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून लोक ११ महिन्यांचा करून स्टॅम्प पेपरवर नोटरी करायचे. महाराष्ट्रात ती पळवाट १९९९ च्या कायद्यानं बंद केली, इथे ११ महिन्यांचाही नोंदवावाच लागतो. नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. खर्चही फार नसतो. महिना १८ हजार, परत करायची अनामत एक लाख, मुदत ११ महिने, असं धरा : भाड्याचे एक लाख ९८ हजार, अनामतीवर दहा टक्क्यांनी ११ महिन्यांचं मानीव व्याज सुमारे नऊ हजार, आणि या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक, म्हणजे ५२० रुपयांच्या आसपास. शहरात नोंदणी फी हजार रुपये. नोंदणी आता घरबसल्या, अंगठा देऊन होते. लाखाच्या वस्तूला दीड हजाराची राखण नको, असं का वाटतं लोकांना, हे मला खरोखर समजत नाही.

दुकानाचा गाळा परवान्यानं दिला असेल तर मात्र हा जलद रस्ता नाही, कलम २४ फक्त राहण्याच्या जागेला आहे. आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर जागेत असलेल्यांना तेव्हाच्या दुरुस्तीनं भाडेकरूचा दर्जा मिळालेला आहे. तुमचा परवानाधारक अर्थातच त्यातला नाही.

प्रश्न : आम्ही चौघी मुली हिंजवडीजवळ फ्लॅट घेऊन राहतो. करार नोंदवलेला, अजून पाच महिने आहेत. मालक काका म्हणतात, पुढच्या महिन्यापासून तीन हजार वाढवा, नाहीतर सोडा. सोडलं तर अनामतीतून रंगकामाचे पूर्ण पैसे कापणार म्हणतात.

उत्तर : करारात मध्येच वाढ लिहिलेली नसेल तर ती मागता येत नाही. तुम्हाला चार टक्क्यांचा नियम नाही. तुमच्यात आणि काकांच्यात जे लिहिलं आहे तोच नियम, आणि तो दोघांवरही सारखाच बंधनकारक. करार वाचा. इंग्रजीतला असेल तरी चौघींनी बसून ओळ न् ओळ वाचा. मालकाला मुदतीआधी किती नोटीस देऊन करार संपवता येतो, ठरावीक महिने कुणीच सोडायचं नाही अशी अट आहे का, हे बघा. मुदत संपल्यावर नवा करार करताना मात्र ते कितीही मागू शकतात. पटलं तर राहायचं.

रंगाचं : बहुतेक करारांत 'नेहमीच्या वापरानं होणारी झीज वगळून' असं वाक्य असतं. वर्षभराच्या राहण्यानं भिंत मळते, ती झीज. खिळे ठोकून गिलावा पाडला तर ते नुकसान, त्याचे पैसे द्यावेत. करारात रंगकामाची ठरावीक रक्कम कापायची असं तुम्हीच सही करून मान्य केलं असेल, तर ती कापली जाणार. सोडताना प्रत्येक खोलीचा, नळांचा, मीटरच्या आकड्याचा व्हिडिओ घ्या. किल्ल्या द्यायच्या त्याच वेळी अनामत खात्यात जमा झाली पाहिजे, आणि 'ताबा मिळाला, देणं-घेणं पूर्ण' अशी दोन ओळींची चिठ्ठी काकांच्या सहीनं घ्या. 'नंतर पाठवतो' यावर किल्ल्या देऊ नका.

प्रश्न : कोल्हापुरात आमच्या घराच्या दर्शनी दोन खोल्या एका टेलरकडे ३५ वर्षं आहेत. भाडं वेळेवर देतात, माणूस चांगला. पण मुलगा फिजिओथेरपिस्ट झाला आहे, त्याला दवाखाना तिथेच काढायचा आहे. भाडं देणाऱ्याला काढता येतं का?

उत्तर : येतं, पण तुमची गरज खरी आहे हे कोर्टाला पटवावं लागतं. कायद्याची भाषा 'वाजवी आणि प्रामाणिक गरज' अशी आहे, कलम १६. मुलाची पदवी, नोंदणी, आज तो कुठे काम करतो, त्याच्याकडे दुसरी जागा नाही, हे सगळं दाखवायचं. गावात तुमचा दुसरा रिकामा गाळा असेल आणि तो लपवलात तर दावा तिथेच संपतो. कोणती जागा सोयीची हे ठरवण्याचा मालकाचा अधिकार कोर्ट सहसा मान्य करतं, म्हणून 'दुसरीकडे काढा की' एवढं म्हणून टेलरना भागणार नाही.

मग कोर्ट दुसरी गोष्ट तोलतं : कुणाला जास्त त्रास? मालकाला नकार देण्यापेक्षा हुकूमनामा देण्यानं जास्त हाल होणार असतील, तर हुकूमनामा मिळत नाही. ३५ वर्षांची गिऱ्हाइकं त्याच दारात येतात, हे टेलर सांगतील, आणि ते खरंही असेल. त्यांनी इतक्या काळात दुसरी जागा शोधलीच नाही, असं तुम्ही म्हणाल. कोर्ट दोन खोल्यांपैकी एक खोली तुम्हाला देऊन एक त्यांच्याकडे ठेवू शकतं. म्हणून माझं म्हणणं, ही वाटणी कोर्टानं पाच-सात वर्षांनी करण्याऐवजी तुम्ही आत्ता बसून करून बघा. भाडेकरूनं हक्क सोडण्यासाठी मोबदला घेणं १९९९ च्या कायद्यानं कायदेशीर केलं आहे. पूर्वी तो गुन्हा होता, पैसे चोरून द्यावे लागत. आता चेकनं देता येतात. चांगल्या माणसाशी व्यवहारही चांगला व्हावा.

आणि ताबा मिळाल्यावर एक महिन्याच्या आत तिथे दवाखाना सुरू झाला पाहिजे. नाही झाला, किंवा वर्षाच्या आत जागा दुसऱ्याला भाड्यानं दिली, तर जुना भाडेकरू तेरा महिन्यांच्या आत अर्ज करून परत येऊ शकतो.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरीच्या पुढचे. डेक्कनवर ४० वर्षं भाड्यानं राहतो. मुलाकडे न्यूजर्सीला गेलो, तिथे ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि परत यायला साडेसात महिने लागले. येऊन बघतो तर मालकांचा ताब्याचा दावा, 'घर वापरत नाही' म्हणून. आता या वयात घर जाणार का?

उत्तर : आजी, घाबरू नका. दावा लावण्याच्या लगेच आधीचे सलग सहा महिने, वाजवी कारणाशिवाय, जागा वापरली नसेल तरच हे कलम लागतं. यात 'वाजवी कारणाशिवाय' हे शब्द तुमच्यासाठी आहेत. हृदयाच्या ऑपरेशनहून वाजवी कारण कोणतं? रुग्णालयाची कागदपत्रं, डॉक्टरांनी प्रवास टाळा असं लिहून दिलं असेल तर ते, परतीची आधीची तिकिटं आणि बदललेली तारीख, पासपोर्टवरचे शिक्के, हे सगळं वकिलांना द्या. दावा नेमका कोणत्या तारखेला दाखल झाला ते बघून मागचे सहा महिने मोजा. कधी कधी तिथेच गणित चुकलेलं निघतं.

मालक वीजबिलं आणतील, युनिट किती कमी पडले ते दाखवायला. गॅस सिलिंडर कधी नोंदवला, शेजारी काय म्हणतात, हेही येईल. तुमचं सामान घरात होतं, भाडं तिकडूनही वेळेवर जात होतं, हे तुम्ही दाखवा. एवढ्या लांबच्या मुक्कामाला निघताना मालकांना एक पत्र टाकावं, 'अमुक कारणासाठी जात आहोत, अमुक महिन्यात परत येऊ', असं मी माझ्या सगळ्या ज्येष्ठ पक्षकारांना सांगते. पुण्यातल्या किती घरांची मुलं आज तिकडे आहेत! आणि समन्स मिळालं असेल तर कैफियतीची, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर देण्याची, मुदत चालू झाली आहे. हे उत्तर वाचून झाल्यावर आजच वकिलांना फोन करा.

आता काही छोटे प्रश्न एकत्र घेते.

स्वयंपाकघरात उभा ओटा बांधला तर मालक म्हणतो कायमचं बांधकाम केलंस, अशी तक्रार साताऱ्याच्या वहिनींची. ओटा, लाकडी पार्टिशन, हवेसाठी खिडकी, एसी, धूर जायची चिमणी, ही कामं कायमच्या बांधकामात येत नाहीत, असं कायद्यातच लिहिलं आहे. लागेल तिथे पालिकेची परवानगी मात्र हवी. पोटमाळा टाकणं किंवा भिंत पाडणं वेगळं, त्याला मालकाची लेखी संमती घ्या.

वडील वारले, भाडेहक्क कुणाचा, असं सोलापूरहून दोन भाऊ विचारतात. राहत्या घरात वडिलांच्या मृत्यूच्या वेळी त्यांच्याबरोबर तिथे राहणाऱ्या कुटुंबीयाचा. पुण्याला नोकरी करणाऱ्या भावाचा फक्त मुलगा म्हणून आपोआप होत नाही. तुमच्यात एकमत झालं नाही तर कोर्ट ठरवेल.

गळकं छप्पर मालक दुरुस्त करत नाही, असं चिपळूणहून. पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या. नाही केलं तर तुम्ही दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकता, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. बिलं जपा, आणि किती वळते केले ते मालकाला लेखी कळवा, नाहीतर तीच थकबाकी म्हणून अंगावर येईल.

पाच-सहा जणांनी मोबाईलवर फिरणारा एकच निरोप पाठवला आहे : 'नवा कायदा आला, अनामत दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही.' केंद्र सरकारनं जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात तशी मर्यादा आहे हे खरं. पण भाडं हा राज्याचा विषय. राज्यानं स्वीकारला तरच तो लागू होतो, आणि महाराष्ट्रानं हे लिहीपर्यंत तो स्वीकारलेला नाही. त्या निरोपाच्या भरवशावर मालकाशी भांडायला जाऊ नका.

प्रश्न : आमच्या वाड्याला महापालिकेची 'धोकादायक' नोटीस लागली आहे. आम्ही सात बिऱ्हाडं. मालक म्हणतात, वाडा पडला की तुमचा हक्क संपला. आम्ही बाहेर पडावं की नको?

उत्तर : जागा खरोखर पडायला आली असेल तर बाहेर पडा. पावसाळा तोंडावर आहे, घरात लहान मुलं आहेत. हक्क राखायला तिथेच राहावं लागतं हा समज चुकीचा आहे. इमारत महापालिकेनं पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१४ मध्ये दिला आहे. मालकांना तो वकिलामार्फत कळवा.

पण वाडा पडल्यावर कुणाकडे किती जागा होती, याचा पुरावाही मातीत जातो. म्हणून बाहेर पडण्याआधी सातही बिऱ्हाडांनी मिळून काम करा. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी मोजून नकाशा काढून घ्या, शक्य तर आर्किटेक्टच्या सहीनं. खोल्यांचे, दारावरच्या नावाच्या पाटीचे, मीटरचे फोटो काढा. महापालिकेच्या बांधकाम विभागाला अर्ज द्या की पाडण्याआधी भाडेकरूंची नावं आणि क्षेत्र नोंदवून त्याचा दाखला द्यावा, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. भाड्याच्या पावत्या, शिधापत्रिका, वीजबिलं एका फाइलीत ठेवा आणि फाइल वाड्याबाहेर, नातेवाइकांकडे ठेवा. मालकांबरोबर पुनर्बांधणीचा लेखी करार आधी झाला तर उत्तमच. त्यात किती चौरस फूट, किती महिन्यांत आणि मधल्या काळाचं भाडं कोण देणार, हे आकड्यांत असावं.

वाडा मजबूत आहे आणि नोटीस मिळवून आणलेली आहे, अशी शंका असेल तर स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या आणि तो अहवाल घेऊन तातडीनं कोर्टात जा. मालकाला स्वतःहून पाडून नवीन बांधायचं असेल, तर आधी कोर्टाला बांधकामाचे नकाशे आणि पैशाची तयारी दाखवून हुकूमनामा घ्यावा लागतो. नोटिशीवरची तारीख मला लिहून पाठवा. पंधरा दिवसांच्या आतली असेल तर माझ्या उत्तराची वाट न बघता, सातही घरांनी मिळून एक वकील आजच गाठा.